जावास्क्रिप्ट (जेएस) खेळून बघायचंय: कन्सोल, कोडपेन की आपलं साधं फोल्डर?

प्रोजेक्ट वगैरे काही नाही, नुसतं बघायचंय की अमुक गोष्ट ब्राउझरमध्ये चालते का, तर त्यासाठी लगेच शंभर पॅकेजेस इन्स्टॉल करत बसू नका. माझं मत फोल्डरला, पण बाकीचे दोन अगदीच टाकाऊ नाहीत.

एफ१२ दाबून कन्सोल (ब्राउझरमधली कोड टाकून लगेच चालवायची जागा): एखादी अ‍ॅरे मेथड, तारखेचा हिशोब, रेजेक्स (मजकुरात पॅटर्न शोधणं), एवढ्यापुरतं याच्याइतकं फास्ट काहीच नाही. रीफ्रेश मारलं की व्हेरिएबल्स गेले, पण क्रोमच्या सोर्सेस टॅबमध्ये स्निपेट्स आहेत, तिथे लिहिलेला कोड राहतो आणि कंट्रोल एंटरने रन होतो (हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं). फक्त ज्या साइटवर कन्सोल उघडलाय तिचेच नियम लागतात, तिची सीएसपी (कुठून काय लोड करायचं याचे साइटचे सुरक्षेचे नियम) कडक असेल तर बाहेरच्या एपीआयचा फेच अडतो आणि माणूस उगाच स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो.

कोडपेन (ब्राउझरमध्येच कोड लिहून चालवायची वेबसाइट) दाखवायला भारी, लिंक पाठवली की काम झालं. पण फुकट अकाउंटवर पेन (तिथे लिहिलेला कोड) पब्लिक असतात, त्यामुळे ऑफिसचा कोड, एपीआय की तिथे नकोच. आणि मोठा लूप चालवून वेळ मोजायचा असेल तर इन्फिनिट लूप समजून ते मध्येच तोडतं, मग आकड्यांना काय अर्थ.

आता फोल्डर. एक इंडेक्स डॉट एचटीएमएल, एक मेन डॉट जेएस, डबल क्लिक, झालं... असं वाटतं, पण स्क्रिप्टला टाइप मॉड्यूल दिलं आणि दुसरी फाइल इम्पोर्ट करायला गेलात की क्रोम सीओआरएसची (दुसऱ्या ठिकाणची फाइल वाचू न देणाऱ्या ब्राउझरच्या नियमाची) लाल एरर फेकतो, कारण फाइल थेट डिस्कवरून उघडलीय. म्हणून छोटा सर्व्हर हवाच: पायथन असेल तर त्याचा एचटीटीपी सर्व्हर एका कमांडमध्ये ८००० पोर्टवर उठतो, व्हीएस कोडवाल्यांना लाइव्ह सर्व्हर एक्स्टेन्शन, सेव्ह केलं की पेज आपोआप रीलोड. लोकलहोस्टला ब्राउझर सुरक्षित मानतो, त्यामुळे कॅमेरा, लोकेशन, क्लिपबोर्ड सगळं एचटीटीपीएसशिवाय ट्राय करता येतं. तेच पेज फोनवर लॅपटॉपचा आयपी टाकून उघडलं तर मात्र कॅमेरा मिळणार नाही.

व्हीट (प्रोजेक्ट उभा करून देणारं बिल्ड टूल)? टाइपस्क्रिप्ट किंवा एनपीएमची (जेएस पॅकेजेसचं भांडार) चार-पाच पॅकेजेस लागली तर घ्या. एखादीच लायब्ररी हवी असेल तर सीडीएनची (तयार लायब्ररी नेटवरून देणाऱ्या सर्व्हरची) पूर्ण यूआरएल देऊन इम्पोर्ट केली तरी भागतं.