गेम घेण्याआधी गुण कुणाचे बघायचे: मेटाक्रिटिक, ओपनक्रिटिक की स्टीम?

भाचा ऐरोलीहून ठाण्याला आला तो लॅपटॉप पाठीला लावूनच. नौपाड्यात आमच्याकडे चहा होईपर्यंत त्याने तीन गेमची पानं उघडून ठेवली होती: सायबरपंक २०७७, नो मॅन्स स्काय आणि आपल्या पुण्यात तयार झालेला राजी. पैसे एकाच गेमपुरते होते आणि तेही त्याने स्वतः साठवलेले. "मामा, सायबरपंकला मेटाक्रिटिकवर ८६ आहेत, राजीला सत्तरीच्या आसपास. मग विचार कसला करायचा?"

विचार करण्यासारखं बरंच होतं. ते ८६ कुणी दिले, कोणत्या मशीनवर खेळून दिले आणि कधी दिले, यातलं काहीच त्या आकड्यात दिसत नाही. त्या दुपारी आम्ही तिन्ही गेम तिन्ही ठिकाणी ताडून पाहिले: मेटाक्रिटिक आणि ओपनक्रिटिक या समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या वेबसाइट, आणि स्टीम हे पीसीवरच्या गेमचं ऑनलाइन दुकान, जिथे घेणारेच मत देतात. तुम्हीही एकाच गेमचे पैसे हातात घेऊन बसला असाल, तर ते इथे मांडतो.

आधी एक गोंधळ दूर करू. "शाळेचा निकाल ९८ टक्के लागला" आणि "मुलीला ९८ टक्के मिळाले" ही दोन वाक्यं आपण कधीच एक धरत नाही. गेमच्या बाबतीत मात्र सर्रास धरतो. स्टीमवरचे ९८ टक्के म्हणजे शाळेचा निकाल: शंभरातल्या ९८ जणांनी "घ्या" असा अंगठा वर केला. ते काठावर पास झाले की बोर्डात आले, हे त्यातून कळत नाही. मेटाक्रिटिकचे ९८ हे मुलीचे गुण, म्हणजे समीक्षकांनी दिलेल्या गुणांची सरासरी. म्हणून सगळ्यांना बऱ्यापैकी आवडेल असा छोटा, गोड गेम स्टीमवर सहज ९५ च्या वर जातो आणि मेटाक्रिटिकवर ७८ ला थांबतो. दोन्ही आकडे खरेच असतात. त्यांना विचारलेले प्रश्न वेगळे असतात.

मेटाक्रिटिक: पहिल्या आठवड्याचा फोटो

मेटाक्रिटिक २००१ पासून आहे. जगभरच्या नियतकालिकांचे आणि वेबसाइटांचे गुण शंभरात बदलून ते सरासरी काढतात, पण साधी सरासरी नाही. काही समीक्षकांच्या मताला जास्त वजन असतं आणि कुणाला किती, हे ते जाहीर करत नाहीत. ७५ पासून वर हिरवा रंग, ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल. आपल्याकडे दहावीला ७५ म्हणजे डिस्टिंक्शन, त्यामुळे ही रेघ आपल्याला ओळखीची वाटते. पण गेमच्या समीक्षेत गुण सढळ हाताने दिले जातात आणि दहापैकी सात म्हणजे "ठीक आहे" असं समजलं जातं. ६८ चा पिवळा चौकोन बघून गेम टाकाऊ ठरवू नका. तो पाचपैकी साडेतीन ताऱ्यांच्या आसपासचा गेम आहे.

मेटाक्रिटिकची एक गोष्ट मला मनापासून आवडते. प्रत्येक मशीनचे गुण तिथे वेगळे असतात. सायबरपंक १० डिसेंबर २०२० ला आला, तेव्हा समीक्षकांना आधी फक्त पीसीची प्रत दिलेली होती. म्हणून सुरुवातीला आकडा नव्वदीच्या घरात दिसला. पीएस४ वर, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ४ या कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेमच्या मशीनवर), लोकांनी गेम लावला तेव्हा खरी अवस्था कळली. तिथले गुण शेवटी ५७ वर आले आणि १८ डिसेंबरला सोनीने तो गेम आपल्या डिजिटल दुकानातून काढून टाकला, तो जून २०२१ मध्ये परत आला. गेम तोच, पण पीसीवर ८६ आणि पीएस४ वर ५७. कन्सोलसाठी घेणाऱ्याने पीसीचा आकडा वाचला असेल तर त्याने दुसऱ्याच गेमचं परीक्षण वाचलं, असं मी म्हणेन.

मेटाक्रिटिकचा मोठा दोष म्हणजे तिथला आकडा थिजून जातो. समीक्षक गेम आल्याच्या आठवड्यात लिहितो, गुण देतो आणि पुढच्या गेमकडे वळतो. नो मॅन्स स्काय ऑगस्ट २०१६ मध्ये आला, तेव्हा जाहिरातीत दाखवलेलं बरंच काही त्यात नव्हतं. पीसीसाठी ६१ मिळाले. त्यानंतर त्या छोट्या चमूने वर्षानुवर्षं फुकट अपडेट दिले: एकत्र खेळणं, घरं बांधणं, नवी यानं. आजचा गेम जवळजवळ वेगळाच आहे आणि मेटाक्रिटिकवर अजून ६१ च आहेत. स्टीमवर ज्या गेमला सुरुवातीला शिव्याशाप मिळाले, तोच नोव्हेंबर २०२४ मध्ये एकूण "व्हेरी पॉझिटिव्ह"वर पोचला. सायबरपंकचंही तसंच. सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटने त्याची मुळापासून डागडुजी केली.

म्हणून माझा नियम असा: गेम या महिन्यात आला असेल तर मेटाक्रिटिक बघा, दोन वर्षांपूर्वीचा असेल तर तिथला आकडा इतिहास म्हणून वाचा.

मेटाक्रिटिकवर सामान्य लोकांचे गुणही दिसतात. ते सोडून द्या. गेम विकत घेतल्याचा पुरावा तिथे लागत नाही. २०२० मध्ये द लास्ट ऑफ अस पार्ट टू आला, समीक्षकांचे ९३ होते आणि लोकांनी पहिल्याच दिवशी शून्यांचा पाऊस पाडला. इतका मोठा गेम तोवर कुणाचा पुरा होणंच शक्य नव्हतं. त्यानंतर तिथे गेम आल्यावर ३६ तास लोकांना गुण देता येणार नाहीत, असा नियम आला. नियम चांगला आहे, पण पुराव्याचा प्रश्न त्याने सुटत नाही.

ओपनक्रिटिक

हे २०१५ चं. सरासरी साधी, छुपं वजन नाही, आणि किती टक्के समीक्षकांनी गेम घ्या म्हटलं हेही शेजारीच दिसतं. सरासरी ७४ आणि शिफारस ५५ टक्के असेल तर समीक्षकांत मतभेद आहेत, हे एका नजरेत कळतं. ही सोय मला मेटाक्रिटिकपेक्षा प्रामाणिक वाटते. तोटा एवढाच की सगळ्या मशीनचा मिळून एकच आकडा. सायबरपंकच्या वेळी त्यांनी पानावर वाचकांसाठी खास इशारा लावला होता, कारण एक आकडा ते सत्य सांगू शकत नव्हता.

स्टीम: तास बघून वाचा

पीसीवर खेळणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ इथे घालवावा. कारण साधं आहे: मत देणाऱ्याच्या खात्यात तो गेम असावा लागतो आणि तो किती तास खेळला ते नावाखाली छापलेलं असतं. गेल्या ३० दिवसांतली मतं वेगळी दिसतात, म्हणजे गेम सुधारलाय की बिघडलाय हे समजतं. ९५ टक्क्यांच्या वर आणि मतं भरपूर असली तर "ओव्हरव्हेल्मिंगली पॉझिटिव्ह", ४० ते ६९ म्हणजे "मिक्स्ड".

मी भाच्याला फक्त नापसंतीची मतं उघडायला लावली, आणि तीही तासांप्रमाणे. अर्धा तास खेळून नापसंत म्हणणारा बहुतेक वेळा मशीनबद्दल बोलत असतो: सुरू होत नाही, अडकतो, बंद पडतो. दहा ते चाळीस तास खेळलेला माणूस गेमबद्दल बोलतो आणि त्याचं म्हणणं सोन्यासारखं असतं. हजार तास खेळून नापसंत म्हणणारा ताज्या अपडेटवर चिडलेला असतो. नव्या माणसाला त्या चिडण्याचा उपयोग कमी.

स्टीमवरही लाटा येतात. हेलडायव्हर्स २ च्या बाबतीत मे २०२४ मध्ये पीसीवाल्यांना प्लेस्टेशनचं खातं जोडणं सक्तीचं होणार असं जाहीर झालं आणि काही दिवसांत दोन लाखांहून जास्त नापसंतीची मतं पडली. ज्या देशांत ते खातं काढताच येत नाही तिथल्या लोकांचा राग रास्त होता, आणि सोनीने निर्णय मागेही घेतला. पण ठाण्यात बसून त्या आठवड्यात नुसता लाल रंग बघणाऱ्याला गेम वाईट आहे असंच वाटलं असतं. मतांचा आलेख उघडून एखाद्याच आठवड्यात लाल खांब उंच दिसला, तर त्या आठवड्यात काय घडलं ते आधी शोधा.

उलट उदाहरण एल्डन रिंगचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये समीक्षक त्याला नव्वदीच्या वर गुण देत होते आणि स्टीमवर पहिल्या दिवशी "मिक्स्ड" होतं, कारण पीसीवर तो अडखळत होता. तिथे लोक बरोबर होते आणि समीक्षकही बरोबर होते. शिवाय तो गेम फार अवघड आहे. मामलेदारच्या मिसळीला कुणी पाचपैकी पाच देईल, पण तिखट न झेपणाऱ्याने त्या पाचाकडे बघून चमचा उचलला तर दोष गुणांचा नाही. गुण दर्जाचे असतात, झेपण्याचे नसतात.

आपल्याकडून बघताना

परदेशी समीक्षक "पूर्ण किमतीला नको" म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात साठ-सत्तर डॉलर असतात. स्टीमवर आपल्याला रुपयांत दर दिसतो आणि काही गेमचा तो बराच कमी असतो, काहींचा अजिबात नाही. हे वाक्य आपल्या किमतीवर पुन्हा तोलून बघायचं.

ऑनलाइन गेमचं तर परीक्षण वाचून काहीच ठरवू नका. अमेरिकेतल्या माणसाला पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ, किती लागतो याने आपल्याला काय कळणार? व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइकचे सर्व्हर मुंबईत आहेत, म्हणून ते इथे नीट चालतात. ज्याचा सर्व्हर भारतात नाही, त्याला ९० गुण असले तरी ऐरोलीत गोळी उशिरा लागणार. हे तुम्हाला भारतीय खेळाडूंच्या स्टीमवरच्या मतांतच सापडेल.

परतीचे नियमही निवड बदलतात. स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. प्लेस्टेशनच्या डिजिटल दुकानात मात्र डाउनलोड सुरू केलं की तो मार्ग सहसा बंद. म्हणून कन्सोलवाल्याने आपल्याच मशीनचं, आपल्याच मॉडेलचं परीक्षण पूर्ण वाचावं, जमलं तर डिजिटल फाउंड्रीसारखं तांत्रिक विश्लेषण बघावं. डिस्क असेल तर निदान पुढे विकता येते.

दोन तासांचा नियम मला महागात पडून कळला. समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला एक गेम सेलमध्ये घेतला आणि लॅपटॉपवर तो धड चालावा म्हणून सेटिंग बदलत बसलो. घड्याळात तेही खेळणंच धरलं गेलं. खरा गेम सुरू झाला तेव्हा दोन तास दहा मिनिटं झाली होती. आता मी पहिला तास संपला की थांबून निर्णय घेतो.

आणि ताईसाठी एक गोष्ट, कारण तिने फोनवर विचारलंच: "रेटिंग बघितलंस ना रे?" तिला वयाचं रेटिंग म्हणायचं होतं. ते पूर्ण वेगळं. युरोपचं पेगी आणि अमेरिकेचं ईएसआरबी गेम कोणत्या वयाला योग्य ते सांगतात, चांगला की वाईट ते नाही. जीटीए ५ ला मेटाक्रिटिकवर ९७ आहेत आणि पेगीचा शिक्का १८ चा. लहान मूल घरात असेल तर हा दुसरा आकडा आधी वाचायचा.

मग तिघांतून कोणता?

भाच्याच्या लॅपटॉपला जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि ८ जीबी रॅम. २.० अपडेटनंतर सायबरपंकला किमान जीटीएक्स १०६० चं ६ जीबीचं कार्ड, १२ जीबी रॅम आणि एसएसडीवर ७० जीबी जागा लागते. म्हणजे ते ८६ त्याच्यासाठी नव्हतेच. यूट्यूबवर त्याच्याच कार्डाचं नाव टाकून आम्ही खात्री केली आणि ते पान बंद केलं.

नो मॅन्स स्कायची ताजी मतं उत्तम होती, ६१ कडे आम्ही पाहिलंच नाही. पण चाळीस तास खेळलेल्यांच्या नापसंतीत एकच सूर होता: तेच ते गोळा करत राहावं लागतं, गोष्ट अशी नाही. भाच्याला गोष्ट हवी असते. आणि सेमिस्टर तोंडावर होती.

राजीच्या परीक्षणांत तक्रारी ठरलेल्या: लढाया ओबडधोबड, गेम पाच-सहा तासांत संपतो, शेवट अर्धवट वाटतो. कौतुकही ठरलेलं: राजस्थानी वळणाच्या वास्तू, छायाबाहुल्यांच्या खेळासारखे प्रसंग, संगीत. हरवलेल्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, तिच्या मागे दुर्गा आणि विष्णू. २०२० मध्ये आलेल्या या गेमला सत्तरीच्या आसपास गुण देणाऱ्यांतल्या अनेकांना दुर्गा कोण हे खेळतानाच कळलं असणार, आपल्याला ते नवरात्रापासून माहीत असतं. आणि पाच तासांत संपतो ही त्यांची तक्रार परीक्षेआधीच्या शनिवार-रविवारला अगदी सोयीची होती.

"लढाया ओबडधोबड म्हणजे किती?" त्याने विचारलं. ते कुणाच्याच गुणांतून कळणार नव्हतं. त्याने राजी घेतला, नो मॅन्स स्काय सेलसाठी यादीत टाकला आणि पहिल्या तासानंतर मला फोन करायचं ठरवून वाशी लोकल पकडायला निघाला.