गिम्पमध्ये मराठी अक्षरांना थ्रीडी शेड, आठ महिन्यांनंतर

फलटणला आमचं झेरॉक्स आणि फ्लेक्स डिझाइनचं छोटं दुकान आहे, डिझाइन मी करते, छपाई बाहेरून करून घेतो. गिऱ्हाईक येतं आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "ताई, नाव उठावदार पाहिजे, थ्रीडी करा." त्यासाठी गेले आठ महिने मी रोज गिम्प हे फोटो आणि चित्रं एडिट करायचं सॉफ्टवेअर वापरतेय, त्याचं 3.0 व्हर्जन, जे 2025 च्या मार्चमध्ये आलं. फुकट आहे, आमच्या 8 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चालतं. यूट्यूबवर फोटोशॉपचे थ्रीडी एक्सट्रूजनचे (सपाट अक्षराला जाडी देण्याचे) जुने व्हिडिओ भरपूर आहेत पण त्यांच्या मागे लागू नका, फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबीने 2021 पासून ते थ्रीडी फीचर काढतच आणलंय, नव्या व्हर्जनमध्ये ती बटणं सापडणार नाहीत.

सुरुवातीला सगळे करतात तेच मी केलं, सोनेरी ग्रेडियंट, त्यावर बेव्हल म्हणजे कडांना उतार देणारा इफेक्ट, वर चमक. स्क्रीनवर काय सुंदर दिसायचं! मग एका जत्रेचा 8 बाय 4 फुटांचा बॅनर तसाच केला आणि चौकात लागल्यावर रस्त्याच्या पलीकडून बघितला तर देवाचं नावच वाचता येईना. खूप वाईट वाटलं मला. नंतर झूम करून नीट बघितलं तेव्हा कारण कळलं. बेव्हल अक्षराच्या कडेपासून आत उतार काढतो, आपल्या वेलांट्या, मात्रा, रफार असतात बारीक, मग त्यांच्यात दोन्ही बाजूंचे उतार मधे येऊन भिडतात, अर्धी मात्रा उजळ अर्धी काळी, मूळ रंग शिल्लकच राहत नाही. इंग्रजी जाड कॅपिटल अक्षरांवर हाच बेव्हल शोभतो, कारण तिथे सगळ्या रेघा जाड.

खरं वळण लागलं ते आमच्याकडे येणाऱ्या पेंटर मामांमुळे. त्यांनी चाळीस वर्षं दुकानांचे बोर्ड आणि शटर रंगवलेत. त्यांनी माझी प्रिंट बघितली आणि म्हणाले, "पोरी, चमक कशाला, शेड मार की. आणि दांड्याच्या जाडीपेक्षा शेड मोठी करू नको." दांडा म्हणजे अक्षराची उभी रेघ, शेड म्हणजे अक्षराच्या एका बाजूला गडद रंगाची जाडी. हे एक वाक्य मला सगळ्या ट्युटोरियलपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

शेडसाठी गिम्पमध्ये फिल्टर्स, लाइट अँड शॅडो, मग लाँग शॅडो. स्टाइल फायनाइट ठेवायची म्हणजे अक्षराला एकसलग ठोकळ्यासारखी जाडी येते, इन्फिनिट केलं तर शेड पार कडेपर्यंत पळते. लांबी आपोआप 100 पिक्सेल येते, ती मामांच्या हिशोबाने बदलायची, माझ्या अक्षराचा दांडा 120 पिक्सेल असेल तर मी 60 च्या वर जात नाही. याचं कारण आपली शिरोरेषा. ती अख्ख्या शब्दावरून आडवी जाते ना, तिची शेड खाली उतरते आणि अक्षरांच्या पोटातल्या मोकळ्या जागा भरून टाकते, लांबी जास्त झाली की ब आणि व मधला फरक सुद्धा लांबून कळत नाही. दिशा मी खाली उजवीकडेच ठेवते. बऱ्याच अक्षरांचा काना उजवीकडे असतो, त्यामुळे उजवीकडची शेड दोन अक्षरांच्या मधल्या जागेत पडते, डावीकडे टाकली तर त्याच अक्षराच्या पोटात शिरते. आणि शेड काळी करू नका, अक्षराचाच रंग गडद करून घ्या, लाल असेल तर मरून, पिवळा असेल तर विटकरी.

3.0 मधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे फिल्टर लावल्यावरही टेक्स्ट हे टेक्स्टच राहतं. आधीच्या 2.10 मध्ये फिल्टर मारला की अक्षरांचं चित्र व्हायचं, मग शुद्धलेखन सुधारायचं म्हणजे पहिल्यापासून. गणपतीच्या आदल्या आठवड्यात एका मंडळाने रात्री साडेअकराला फोन केला की खजिनदार बदलले, मी फक्त नाव खोडून नवीन टाइप केलं, शेड आपोआप नव्या नावाला लागली, पाच मिनिटांत फाइल पाठवली. एक्ससीएफ मध्ये, म्हणजे गिम्पच्या स्वतःच्या फाइल प्रकारात, सेव्ह केलेलं मात्र पाहिजे.

हळू चालतं का, तर हो, मोठ्या फाइलला चालतं. 8 बाय 4 फूट 72 डीपीआयला (इंचाला 72 पिक्सेल) म्हणजे 6912 बाय 3456 पिक्सेल, त्यावर लाँग शॅडोचा स्लायडर ओढला की थांबावं लागतं, म्हणून आकडा सरळ टाइप करते. छोट्या साइजमध्ये करून नंतर मोठं करायचं असेल तर लक्षात ठेवा, शेडची लांबी पिक्सेलमध्ये असते, फाइलची लांबी-रुंदी चौपट केली की आकडाही चौपट करावा लागतो.

आउटलाइन देताना अजून एक गोष्ट. काही देवनागरी फॉन्टमध्ये अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांवर थोडी चढलेली असतात, टेक्स्ट टूलमधली आउटलाइन लावली की प्रत्येक जोडावर उभी रेघ दिसते. तेव्हा अल्फा टू सिलेक्शन करून, म्हणजे अक्षरांचा आकार सिलेक्ट करून, ते सिलेक्शन चार-पाच पिक्सेल ग्रो करून (वाढवून), खालच्या लेयरवर रंग भरते, जोड गायब. अक्षरांमधलं अंतर तर अजिबात वाढवू नका, शिरोरेषा तुटते. फॉन्टचं म्हणाल तर 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचे मोदक आणि बलू हे फॉन्ट शेडसाठी फार छान आहेत, गुबगुबीत आणि फुकट.

खरंखुरं थ्रीडी, म्हणजे अक्षर फिरवून बाजूने दाखवायचं असेल तर ते गिम्पचं काम नाही. 3डी ट्रान्सफॉर्म टूल आहे, पण ते सपाट चित्र तिरपं करतं, जाडी देत नाही. त्यासाठी मी ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर वापरलं, पण तिथे मराठी थेट टाइप केलं की जोडाक्षरं फुटतात, म्हणून इंकस्केप या रेघांच्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचा पाथ (नुसत्या रेघांचा आकार) करून त्याची एसव्हीजी फाइल ब्लेंडरमध्ये न्यावी लागते. महिन्यातून एखादं काम असं येतं.

मागच्या महिन्यात मामांना भुसार दुकानाचा नऊ फुटी बोर्ड हाताने रंगवायचं काम मिळालं. ते म्हणाले, मला शेडसकट खाका काढून दे, आता नजर तेवढी बसत नाही. मी फक्त कडांच्या रेघा ठेवून आडव्या ए-4 च्या नऊ कागदांवर प्रिंट काढली, एका ओळीत चिकटवून दिली. त्यांनी दोन ठिकाणी पेन्सिलीने शेड कमी केली, ज्ञ च्या खाली आणि रफारापाशी. आता माझ्या फाइलमध्येही मी तिथे हाताने शेड खोडते.