अलिबाग: रिझर्व्हेशनच्या आधी पंचांग उघडा

विदर्भातून अलिबागला जाणारे बहुतेकजण सुटी पाहून निघतात, तिथी कोणी पाहत नाही. मग भर दुपारी किनाऱ्यावर उभं राहून समोर पाण्यात बसलेला कुलाबा किल्ला लांबूनच बघायचा, दोन फोटो काढायचे आणि नारळपाणी पिऊन परत. किल्ला वगळला तर अलिबागचा मुख्य किनारा रात्रभर गाडीत बसून यावं इतका काही खास नाही. वाळू काळपट, पाणी गढूळ, शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी. किल्ला मात्र बघण्यासारखाच आहे, आणि तो ओहोटीला पायी जाऊन बघायचा असतो.

ओहोटीची वेळ घरच्या कॅलेंडरवरून निघते. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती. शुद्ध असो की वद्य, हिशेब एकच. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वानऊच्या आसपास. अर्धा-पाऊण तास मागंपुढं होतो, तेवढं किनाऱ्यावरच्या कोळ्यांना आदल्या दिवशी विचारून घ्यायचं.

नुसती वेळ जुळूनही भागत नाही. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला पडते, दिवस सोयीचा वाटतो, पण तेव्हा भांगाचं पाणी असतं. ते जास्त चढत नाही आणि पुरतं उतरतही नाही, त्यामुळं वाटेत पाणी राहतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी चांगलं खाली जातं, पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला, दोन्ही वेळा अडचणीच्या. म्हणून तृतीया-चतुर्थी सगळ्यात बरी. उधाणाचा जोर अजून टिकलेला असतो आणि ओहोटी सकाळी साडेआठ ते सव्वानऊला येते. किल्ल्यात सिद्धिविनायकाचं मंदिर आहे, राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं. संकष्टीला ओहोटी आणि दर्शन दोन्ही साधतं. मात्र रात्रभराच्या गाडीनं उतरून त्याच दिवशी हे जमणार नाही, अलिबागला पोचेस्तोवर अकरा वाजतात. आदल्या दिवशी मुक्कामाला पोचा.

ओहोटीच्या तासभर आधी चालायला लागा आणि ओहोटीनंतर तासाभरात किल्ल्याबाहेर पडा. पाणी सुरुवातीला हळू चढतं, तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यात जोरात. उशिरा निघणारे तिथंच फसतात. चप्पल वाळूत रुतते आणि अनवाणी गेलं तर खडकाला चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात, म्हणून मागं पट्टा असलेले जुने सँडल घाला. हिरव्या शेवाळावर पाय टाकू नका. म्हातारी माणसं सोबत असतील तर घोडागाडी मिळते. भाडं जायचं-यायचं आणि थांबायचं मिळून आधीच ठरवा, नाहीतर परतीच्या वेळी वाद होतो. भरतीच्या वेळी होडीनं नेतात, पावसाळ्यात तेही बंद.

शिवाजी महाराजांनी १६८० साली किल्ल्याचं काम सुरू केलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झालं. पुढं कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे ठाणं होतं. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून चालून आले, तरी किल्ला पडला नाही. तट नीट निरखा. मोठमोठे चिरे चुन्याशिवाय एकावर एक रचलेत. लाट फटीत शिरते आणि तिचा जोर तिथंच मोडतो. आपल्याकडं धरणाच्या भिंतीला दगडाचं पिचिंग असतं, तेही लाटेला असंच जिरवतं. चहूबाजूंनी खारं पाणी असून आत गोड्या पाण्याची विहीर आहे. तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या कारखान्यात ओतलेल्या. शेजारचा छोटा सर्जेकोटही ओहोटीलाच बघता येतो. सगळं मिळून सव्वा तास पुरतो. पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं.

आता वाटेचं. विदर्भ एक्सप्रेस किंवा अमरावती एक्सप्रेसनं सकाळी सातच्या आसपास सीएसएमटी, तिथून अडीच किलोमीटरवर गेटवे. गेटवेवर मांडव्याची, म्हणजे अलिबागकडच्या धक्क्याची लाँच, एलिफंटाची होडी आणि समुद्रात चक्कर मारून आणणारी फेरी, तिन्हींची तिकिटं वेगळी. हाताला धरून नेणारे एजंट बहुतेक चकरेचीच तिकिटं विकतात, तेव्हा ‘मांडवा’ असं स्पष्ट म्हणा. लाँच तासाभरात पोचवते. पुढं अलिबागपर्यंतची बस त्याच तिकिटात आहे का, हे खिडकीवरच विचारा. पावसाळ्यात लाँच बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट बघा, नाहीतर ठाण्यालाच उतरून पनवेलची लोकल आणि पुढं एसटी. स्वतःच्या गाडीनं समृद्धीवरून येणार असाल तर निघण्याआधी टायर बदला किंवा निदान दाखवून घ्या. शनिवारी सकाळी वडखळ नाक्यावर अडकायची तयारी ठेवा.

मे महिन्यात जाऊ नका. आपल्या पंचेचाळीसपुढं तिथलं चौतीस काय, असं वाटतं, पण दमट हवेत घाम सुकत नाही, दुपट्टा ओलाच राहतो. कूलरही तिथं कुचकामी, हवेतच पाणी भरलेलं असताना तो गारवा कुठून आणणार! कापूस वेचून झाला, तूर घरात आली की फेब्रुवारीत निघा. तेव्हा मासळीही असते. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा ताटात बर्फातला मासा येतो.

जेवण सावजीवाल्यांना फिकं लागेल, नारळाचा हात सढळ आहे. ज्वारीची भाकर शोधत बसू नका, तांदळाची भाकरी आणि जिताड्याचं कालवण मागा. जिताडा हा मासा इकडची खासियत. काट्याची सवय नसेल तर सुरमई घ्या, बांगडा नको. पापलेटच्या थाळीचा भाव माशाच्या आकारावर बदलतो, तो आधी विचारा.

पाण्यात खेळायचं तर दोन किलोमीटरवरचा वरसोली किनारा बरा, सुरूची सावली आहे. गावाकडं विहिरीत सूर मारायची सवय असलेल्या पोरांवर जास्त लक्ष ठेवा. विहिरीचं पाणी जागेवर असतं, ओहोटीचं पाणी आत ओढतं. जेट स्की, बनाना राइड वगैरे सगळीकडं सारखंच. हाताशी वेळ उरला तर गावातली कान्होजी आंग्र्यांची समाधी बघा. दक्षिणेला जवळच आक्षीला जुना मराठी शिलालेख आहे, शके ९३४ चा मानला जातो. रेवदंडा तेवढ्यात उरकायला जाऊ नका, पोर्तुगीजांच्या त्या कोटाला अर्धा दिवस लागतो.

परतीच्या दोन्ही गाड्या सीएसएमटीहून संध्याकाळी सुटतात, म्हणून अलिबाग दुपारी बाराला सोडा. निघताना पांढऱ्या कांद्याची वेणी घ्या, फेब्रुवारीनंतर रस्त्यावर मिळते. तिखट कमी, कच्चा खायला उत्तम. फक्त प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून बर्थखाली सरकवू नका, घाम धरून सडतो. बर्थजवळच्या हुकाला मोकळी टांगली की घरापर्यंत कोरडी येते.