वाघोलीचा नवा टॉवर की कोथरूडची जुनी सोसायटी?

पुण्यात साधारण सारख्याच पैशांत टू बीएचके शोधायला निघालं की फिरून फिरून दोनच पर्याय हाती उरतात. एक, वाघोली, मांजरी, पुनावळेकडचा नवा मोठा प्रकल्प. दुसरा, कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगरसारख्या भागातली तीस-पस्तीस वर्षांची बिनलिफ्टची सोसायटी. मी दोन्हीकडे राहिलोय. वाघोलीत चार वर्षं काढली, कोथरूडला आता तिसरं वर्ष चालू आहे. कार्पेट एरिया, कर्जाचा हप्ता, स्टॅम्प ड्युटी हे गणित तुम्ही मांडलंच असेल, त्यात शिरत नाही.

आधी वाघोलीच्या बाजूने बोलतो, कारण तिथल्या घरात आम्ही सुखात होतो. नववा मजला, दिवसभर वारा, दोन लिफ्ट, वीज गेली तर जनरेटर, गाडीला हक्काची जागा. मुलीला खाली उतरलं की बाग आणि तिच्या वयाची वीसेक मुलं. कोथरूडला यातलं काहीही नाही. फ्लॅट शंभरेक चौरस फुटांनी लहान आहे, बाथरूमची गळती दोनदा काढून झाली, आणि रात्री नऊनंतर घरी आलो तर गाडी दोन गल्ल्या सोडून लावावी लागते. नुसतं घराला घर लावून पाहिलं तर वाघोली सरस आहे, हे मी आजही म्हणेन.

पाण्याबद्दल लोक पहिल्यांदा विचारतात, म्हणून तेही सांगतो. वाघोली महापालिकेत आली ती २०२१ साली, तेव्हा घेतलेल्या २३ गावांपैकी एक म्हणून. त्याआधी ग्रामपंचायत होती. इमारती आधी उभ्या राहिल्या, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या मागून येत राहिल्या. आमच्याकडे चारही वर्षं टँकर होते आणि उन्हाळ्यात मेंटेनन्स वाढायचा. अशा भागात नळाचं पाणी येईपर्यंत पुरवठ्याची जबाबदारी विकसकाने घेतल्याचं हमीपत्र असतं. ते मागून घ्या आणि सोसायटी ताब्यात आल्यावर ती जबाबदारी कोणाकडे जाते, एवढी ओळ नीट वाचा. पण खरं सांगायचं तर टँकरसाठी आम्ही घर सोडलं नसतं. त्याची सवय होते.

माझं ऑफिस कल्याणीनगरला. नकाशावर वाघोली त्याला कोथरूडपेक्षा जवळ. रविवारी पंचवीस मिनिटांत पोहोचायचो, सोमवारी कधी पन्नास मिनिटं, कधी सव्वा तास. उशीर एक वेळ सोसता येतो, पण किती उशीर होणार हेच कळत नसेल तर रोजचा दिवस लावता येत नाही. आता आयडियल कॉलनीला मेट्रोत बसतो आणि अर्ध्या-पाऊण तासात कल्याणीनगरला उतरतो, पाऊस असो की सोमवार. हा मार्ग वनाज ते गरवारे असा मार्च २०२२ मध्ये सुरू झाला, ऑगस्ट २०२३ मध्ये रुबी हॉलपर्यंत गेला आणि मार्च २०२४ मध्ये रामवाडीला पोहोचला. वाघोलीकरांना रामवाडी गाठायलाच आठेक किलोमीटर. मात्र रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी या पुढच्या टप्प्याला केंद्राने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे. घर पंधरा-वीस वर्षांसाठी घेणार असाल तर हे वाघोलीच्या जमेला धरलं पाहिजे.

तरीही आम्ही निघालो, ते आमच्या गेटपासून नगर रस्त्यापर्यंतच्या सहाशे मीटरमुळे. मेट्रो आली तरी तिच्या स्थानकापर्यंत याच सहाशे मीटरवरून जावं लागणार आहे.

गेटसमोर रस्ता चांगला रुंद होता, फुटपाथसह, कारण तेवढा तुकडा आमच्याच प्रकल्पाने करून दिला होता. दीडशे पावलांवर फुटपाथ संपायचा. पुढे एका शेताचा ताबा मिळालेला नव्हता, तिथे डांबर जेमतेम एका गाडीपुरतं. डाव्या हाताला पावसाळी गटाराची झाकणं रस्त्यापेक्षा वीतभर वर आलेली, उजवीकडे काटेरी तार. टँकर गळत जायचे म्हणून कडेला मे महिन्यातही चिखल. दिवे गेटजवळचे तेवढे. मग पुढच्या प्रकल्पासमोर पुन्हा शंभर मीटर सुरेख रस्ता, की परत अरुंद. विकास आराखड्यात तो एकसंध होता. जमिनीवर ज्याने त्याने आपल्या हद्दीपुरता केलेला.

आईला तेव्हा एकाहत्तरावं चालू होतं. गुडघे ठीक, डोळे ठीक. आधी ती नारायण पेठेत राहिलेली. सकाळी दूध, मग देवळात, येताना भाजी, असा तिचा दिवस पायांवर चालायचा. वाघोलीत पहिल्या महिन्यात ती एकदा कोथिंबीर आणायला म्हणून एकटी निघाली आणि अर्ध्या वाटेवरून परत आली. मागून डंपर आला, बाजूला व्हायला जागा नव्हती, ती तार धरून उभी राहिली. हाताला ओरखडा होता, तो तिने संध्याकाळपर्यंत दाखवला नाही. त्यानंतर ती एकटी गेटबाहेर गेली नाही. चार वर्षं. प्रत्येक वेळी "तुला वेळ आहे का रे?" असं विचारायची. आवारात जॉगिंग ट्रॅक होता, तिथे मी तिला रोज पाठवायचो. एक दिवस म्हणाली, "छान आहे रे, पण किती फेऱ्या मारल्या तरी कुठे पोहोचत नाही."

कोथरूडला आम्ही पहिल्या मजल्यावर घर घेतलं, अठरा पायऱ्या. खाली उतरलं की इमारतीतच किराणा दुकान आणि दुधाची डेअरी, कोपऱ्यावर पिठाची गिरणी, पलीकडच्या गल्लीत दवाखाना. फुटपाथ इथेही कुठे उखडलेला, कुठे स्कूटरने अडवलेला आहे. तरी ती जाते. कारण गल्लीत गाड्या हळू चालतात आणि दहा पावलांवर कोणीतरी ओळखीचं उभं असतं. तिला परवा चक्कर आली तेव्हा गिरणीवाल्याने स्टुलावर बसवून मला फोन केला.

हा फरक माणसांच्या चांगुलपणाचा नाही, आखणीचा आहे. कोथरूडचे हे लेआउट लहान प्लॉटचे आहेत. बारा-सोळा बिऱ्हाडांची एक सोसायटी, तिला स्वतःचं फाटक, रस्त्याकडेला तळमजल्यावर गाळे, आणि गल्ल्या एकमेकींना छेदणाऱ्या. दर वीस पावलांवर दार आहे, म्हणून माणूस आहे, म्हणून दुकान चालतं. आमच्या वाघोलीच्या प्रकल्पात सहाशे फ्लॅट आणि गेट एक. बाहेरून चालणाऱ्याला मिळते ती लांबच लांब कुंपणभिंत. आत एक दुकान होतं, पण एकच असल्यामुळे माल आणि भाव दोन्ही त्याच्या मनावर.

मोठा प्रकल्प म्हणजे असाच असतो असं मात्र माझं म्हणणं नाही. हडपसरची मगरपट्टा सिटी पाहा. शेतकरी कुटुंबांनी स्वतःच्या सुमारे ४३० एकर जमिनी एकत्र करून ती उभी केली. आत ऑफिसं आहेत, शाळा आहेत, दुकानं आहेत, आणि आतले रस्ते अखंड आहेत. तिथे माझा मित्र राहतो, त्याची आई चालत सगळीकडे जाते. तुमच्या बजेटमध्ये तसं काही बसत असेल तर माझं बाकीचं बोलणं बाजूला ठेवा. आणि घरात दोघंच असाल, दोघंही गाडी चालवत असाल, ऑफिस खराडीत असेल, तर वाघोली तुम्हाला सोयीचीच पडेल. आमच्या मजल्यावरचं एक जोडपं तिथे अजूनही आनंदात आहे.

मात्र पैसे भरण्याआधी आठवड्यातल्या कामाच्या दिवशी संध्याकाळी सातला गेटपासून बसस्टॉपपर्यंत चालून पाहा, हातात भाजीची पिशवी आणि सोबत घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस घेऊन. साइट दाखवायला नेतात ते रविवारी सकाळी आणि गाडीतून. आराखड्यातला रस्ता दाखवला तर एवढंच विचारा की जागा ताब्यात आली आहे का. जमीनमालकाला रस्त्याखालच्या जागेच्या बदल्यात एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण) किंवा टीडीआर (म्हणजे तेवढं बांधकाम दुसऱ्या प्लॉटवर करायचा किंवा विकायचा हक्क) मिळतो, पण मालक तयार होईपर्यंत नकाशावरची रेघ नुसती रेघच राहते.

कोथरूडबद्दल एक काळजी सांगायची राहिली आणि जुनं घर घेणाऱ्याने तिचा विचार करायलाच हवा. हे सगळं पुनर्विकासात जाणार आहे. मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या आत चारपर्यंत एफएसआय मिळू शकतो, त्यामुळे आमच्या गल्लीत तीन सोसायट्यांनी आधीच विकसक नेमले. तीन-चार वर्षं भाड्याने राहणं, करारातली बारीक अक्षरं, अडलेल्या कामाची धास्ती, हे सगळं तुमच्या वाट्याला येईल. शेजारची पहिली नवी इमारत गेल्या दिवाळीत उभी राहिली. घरं सुंदर आहेत. खाली दोन मजले पार्किंग आहे, रस्त्याकडेला सहा फुटी भिंत आहे, आणि तिथे जो चपला दुरुस्त करणारा आणि जे वाण्याचं दुकान होतं ते दोन्ही गेलं. आई त्या भिंतीच्या बाजूने जात नाही, रस्ता ओलांडून समोरच्या कडेने जाते.

आमच्या सोसायटीची पुनर्विकासासाठीची विशेष सभा पुढच्या महिन्यात आहे. बहुतेक सभासदांना दुसरी पार्किंगची जागा हवी आहे आणि त्यासाठी गाळे काढायचा प्रस्ताव आहे. मी माझी दुसरी जागा सोडतो असं लेखी दिलंय. अजून दोन बिऱ्हाडं तयार झाली आहेत. डेअरी आणि किराणा वाचवायला आणखी चौघं लागतील, या रविवारी वरच्या मजल्यांवर जाऊन बोलणार आहे.