समुपदेशनातलं एम.ए.: खरी कमाई पर्यवेक्षणाच्या तासात

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्यांना समुपदेशनात पदव्युत्तर पदवी घ्यायची आहे, त्यांनी आधी हे लक्षात घ्यावं की घरबसल्या पदवीचा रस्ता आता बंद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवले. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना हे जड जाणार, तरीही निर्णय योग्यच आहे. या पदवीत जे कमावण्यासारखं आहे, ते पोस्टाने येत नाही.

चार सत्रं, ८८ श्रेयांक (क्रेडिट). सिद्धांत आणि संख्याशास्त्राचे पेपर मेहनतीने निघतात, त्यावर जास्त बोलण्यासारखं नाही. पैसे वसूल होतात ते कौशल्याच्या तासाला. तिघांचा गट करतात: एक समुपदेशक, एक क्लायंट, एक निरीक्षक. वीस मिनिटं संवाद, दहा मिनिटं निरीक्षकाचं म्हणणं, मग अदलाबदल. सुरुवातीला बहुतेकांचं एकच चुकतं. तिसऱ्या मिनिटाला सल्ला सुरू होतो, नाहीतर ‘काळजी करू नका, होईल सगळं नीट’ अशी समजूत. प्रश्नही ‘का’ने सुरू होतात आणि समोरच्याला जाब विचारल्यासारखं वाटतं. चांगला निरीक्षक मोकळे प्रश्न किती, ‘हो-नाही’त संपणारे बंद किती हे मोजून कागदावर दाखवतो. महिनाभरात फरक दिसतो. सल्ला देणारी विद्यार्थिनी आता ‘सासरी कुणाशीच मोकळं बोलता येत नाही, असं म्हणताय’ एवढंच म्हणून थांबते आणि समोरची आपणहून पुढे बोलू लागते. या अभ्यासक्रमातला हा पहिला खरा आनंद.

दुसरा आनंद कष्टाचा आहे, शब्दशः नोंदीचा. लेखी संमती घेऊन दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण करायचं आणि ते चार रकान्यांत उतरवायचं: क्लायंटचं वाक्य, आपलं वाक्य, त्या क्षणी आपल्या मनात काय चाललं होतं, आणि शेवटचा रकाना पर्यवेक्षकासाठी, म्हणजे आपलं काम तपासणाऱ्या शिक्षकासाठी, कोरा. एवढ्याला दोन-तीन तास सहज जातात. खानदेशात इथे एक चूक फार होते. बाई म्हणते, ‘माले झोप येत नही, जीव घाबरस’ आणि नोंदीत उतरतं ‘रुग्णास निद्रानाश व चिंता’. मग पर्यवेक्षकाला तपासायला काही उरतच नाही. अहिराणी, भिली, पावरी जे कानावर पडलं तेच लिहू देणारा विभाग निवडा.

चाचण्या शिकवण्याच्या पद्धतीवरूनही विभागाचा कस कळतो. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीत मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज जास्तीत जास्त २७. बेरीज करायला कुणीही शिकवेल. नवव्या प्रश्नाचं, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचाराचं उत्तर शून्य नसेल, तर एकूण बेरीज कमी असली तरी तिथल्या तिथे थांबून सरळ विचारायचं असतं, हे शिकवलं जातं का ते बघा. कापूस पिकवणाऱ्या घरात फवारणीचं औषध हाताशी असतं. ते घरातून हलवायला कुणाला सांगायचं, असे विचार येणाऱ्या माणसाला एकटं न सोडता मानसोपचारतज्ज्ञापर्यंत कसं न्यायचं, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर कधी द्यायचा, याचा सराव वर्गातच झाला पाहिजे.

प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला ४ श्रेयांक, म्हणजे १२० तास. हे अपुरे आहेत, आणि त्यातलेही वाया जातात ते जागेमुळे. सरकारी दवाखान्यात वेगळी खोली मिळत नाही, सासू शेजारी बसून सुनेची उत्तरं देते. आधी दोघींशी पाच मिनिटं बोलून मग ‘आता मावशी, तुम्ही जरा बाहेर बसा’ असं आदराने म्हणणं हेसुद्धा कौशल्यच आहे. सातपुड्यातल्या शाळेत काम करायचं असेल तर जुलैतच सुरू करावं. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं ऊसतोडीला जातात, मुलंही त्यांच्याबरोबर जातात आणि सत्रांची मालिका अर्ध्यात तुटते. ती तुटली की निरोपाचं सत्र होत नाही. त्या शेवटच्या सत्रात ‘आता मी एकटा सांभाळीन’ हे मुलाच्या तोंडून ऐकण्यासारखं समाधान दुसऱ्या कुठल्या पेपरात नाही.

पदवीच्या मर्यादाही स्पष्ट असू द्या. या एम.ए.वर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं पुढचं शिक्षण आणि नोंदणी लागते. गोपनीयतेलाही सीमा आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, आणि हे पहिल्या भेटीतच सांगायचं असतं.

प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन वेळापत्रक मागा. ‘पर्यवेक्षण’ हा तास दर आठवड्याला छापलेला हवा, आणि एका शिक्षकामागे किती विद्यार्थी तेही विचारा. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना त्यांच्या नोंदवह्या दाखवायला सांगून बघा. कुणी सहज वही उघडली आणि आत माणसांची खरी नावं-गावं दिसली, तर तिथे पैसे भरू नका.