गोष्टीनंतर क्राफ्ट ठेवायचं की पुस्तकं मोकळी सोडायची?

छोट्या, स्वतंत्र पुस्तकाच्या दुकानात मुलांसाठी गोष्टीचा तास सुरू करायचा म्हटलं की पहिला वाद हाच होतो, गोष्ट वाचून झाल्यावर उरलेल्या वेळाचं करायचं काय. एक पद्धत म्हणजे त्याच गोष्टीवरचं क्राफ्ट, हत्तीची गोष्ट असेल तर हत्तीचा मुखवटा वगैरे. दुसरी म्हणजे जमिनीवर पंधरा-वीस पुस्तकं पसरायची आणि मुलं नि त्यांच्यासोबत आलेले मोठे यांना मोकळं सोडायचं, ज्याला जे हवं ते उचला, वाचा, नुसती चित्रं बघा. मी दोन्ही भरपूर केलंय. कुठे झुकलोय ते कळेलच, पण क्राफ्टवाल्यांनी लगेच चिडू नका.

क्राफ्टची बाजू आधी. नावनोंदणी पटापट होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पोस्टरवर ‘गोष्ट आणि मुखवटा’ लिहिलं की आई-बाबांना नेमकं काय होणार ते कळतं, ‘गोष्ट आणि वाचन’ लिहिलं की विचारतात, वाचन तर घरीपण होतं ना. आईच्या मांडीवरून न उठणारी लाजरी मुलं हातात क्रेयॉन आला की जरा सैलावतात. उशिरा आलेल्याला कुठूनही सामील होता येतं, घरी न्यायला काहीतरी मिळतं, फोटो चांगले येतात. दुकानदारालाही भरल्यासारखं वाटतं.

माझं गाडं अडलं ते गमपाशी. पसारा, सांडलेलं पाणी, कात्रीवरून भांडणं ही कटकट मी धरूनच चाललो होतो, त्याचं काही नाही. पण होतं काय, की गोष्ट संपते, मुलं रंगात आलेली असतात आणि नेमकं तेव्हा आपण त्यांना टेबलाकडे नेतो. मुखवटा तयार होईपर्यंत बोटं चिकट, कोपराला रंग, आणि मग एखादं मूल आपणहून शेल्फकडे वळतं, मगाच्या हत्तीसारखं अजून काही आहे का बघायला हात पुढे करतं आणि चारी बाजूंनी एकच ओरडा, हात लावू नको! आई ओरडते, काउंटरवरून ओरडा येतो, मी पण ओरडायचो. बरं यात चूक कुणाचीच नाही. न खपलेली पुस्तकं बऱ्याचदा प्रकाशकाकडे परत करता येतात, पण गमचे ठसे उमटलेली प्रत कोण परत घेणार, तो फटका दुकानाच्याच खिशाला, आणि छोट्या दुकानाला अशा चार प्रतीसुद्धा जड जातात. पण मुलाला पुस्तकांच्या दुकानात बोलवायचं, तासभर बसवायचं आणि ते स्वतःहून पुस्तकाकडे गेलं की त्यालाच अडवायचं, हे मला काही पचेना. ओले टिश्यू ठेवून पाहिले, हात धुवायची रांग लावून पाहिली, रांग संपेपर्यंत निम्मी मुलं बूट घालून दारात उभी.

दुसरी बारीक कुरकुर म्हणजे गोष्ट चालू असतानाच ‘दादा, कापायचं कधी?’ सुरू होतं. यात मुलांचं काही चुकत नाही. चित्रपुस्तक साधारण ३२ पानांचं, थांबत थांबत वाचलं तरी दहा मिनिटांत संपतं, आणि क्राफ्टला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ. खरा कार्यक्रम कोणता ते मुलांना आपल्याआधी कळतं.

आता पुस्तकं मोकळी सोडायची पद्धत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या आई-बाबांना वाचता वाचता मोकळे प्रश्न विचारायला, मुलाच्या उत्तरात भर घालायला आणि हळूहळू गोष्ट सांगायचं काम मुलाकडेच द्यायला शिकवलं, आणि जेमतेम महिनाभरात ही मुलं बोलण्याच्या चाचण्यांत बाकीच्यांच्या पुढे दिसली. पण हे एक मोठा माणूस, एक मूल आणि एक पुस्तक असं होतं. वीस मुलांसमोर पुस्तक उंच धरून ‘हा असा का पळाला असेल?’ विचारलं तर तीच तीन धीट मुलं ओरडतात आणि बाकीची गप्प. माझा सरळ हिशोब असा की गटात मी गोष्टीची गोडी लावायची आणि खऱ्या गप्पा नंतर जमिनीवर, ज्याच्या त्याच्या माणसासोबत होऊ द्यायच्या. क्राफ्टमध्ये हा नंतरचा भागच कापला जातो, तिथल्या गप्पा बहुतेक ‘सरळ काप’ आणि ‘एवढा गम नको’ याच असतात.

ही पद्धत सोपी आहे असं मात्र नाही हां. पहिली पाच मिनिटं जाम अवघडल्यासारखी जातात, काय करायचं ते कुणालाच कळत नाही, दोन-चार आई-बाबा फोन काढतात, एखादं मूल दुकानभर पळत सुटतं. तेव्हा घाबरून कागद-रंग काढायचे नाहीत. एखाद्या मुलाशेजारी बसून मीच पुस्तक उघडतो, बाकीचे बघून बघून करतात. कोणतं पुस्तक घेऊ असं विचारणाऱ्या मुलाला दोनच दाखवायची, पाच दाखवली की ते काहीच घेत नाही. एकाच पुस्तकाच्या दोन-तीन प्रती पसरलेल्या असतील तर अजून मजा, मघाशी ऐकलेलीच गोष्ट मुलं परत मागतात आणि या वेळी पानं स्वतः उलटतात. विक्री वाढते का? मला तरी वाटतं की वाढते, मोजलेलं नाहीये, पण मूल ज्या पुस्तकाला घट्ट धरून बसलंय ते त्याच्या हातातून सोडवणं आई-बाबांना जड जातं हे मात्र बघितलंय.

मुलं सात-आठच्या पुढची असतील तर माझा आग्रह जरा ढिला पडतो. त्यांना नुसतं चाळण्यात कधीकधी कंटाळा येतो आणि हाताला काम दिलं तर ती जास्त बोलतात. त्यांच्यासाठी बिनगमचं काहीतरी बघा, एक कागद आठ भागांत दुमडून मधे एकच काप दिला की आठ पानांचं छोटं पुस्तक होतं, पेन्सिलीने लिहायचं, हात कोरडे, शेल्फला कधीही हात लावायला मोकळे. शाळेच्या हॉलमध्ये किंवा बागेत, जिथे विकायची पुस्तकं आजूबाजूला नाहीत, तिथे तर खुशाल गम वापरा, माझी सगळी तक्रार दुकानापुरतीच आहे.

तीन ते सहाची मुलं आणि छोटं दुकान असेल तर मी तरी पुस्तकंच पसरीन. फक्त पसरायच्या प्रती आधीच दुकानदाराशी बोलून ठरवा, त्यांवर ‘वाचायची प्रत’ असा स्टिकर लावा, म्हणजे कोपरा दुमडला तरी कुणाचा जीव वरखाली होत नाही. अगदी लहानग्यांसाठी जाड पुठ्ठ्याची पुस्तकं एका बाजूला ठेवा. आणि वाचून दाखवायला मोठ्या आकाराचं पुस्तक निवडा, मागच्या रांगेला चित्र दिसलं नाही की तिथूनच चुळबुळ सुरू होते, मग नंतर काहीही ठेवा.