शिवणवर्ग ओस का पडला? सोलापुरातील एका सामाजिक पाहणी सेवेचा अनुभव

सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगार महिलांसाठी काम करणाऱ्या आमच्या छोट्या संस्थेने शहरातल्या एका संशोधन गटाकडून शुल्क भरून सामाजिक पाहणी करून घेतली. समाजशास्त्र आणि समाजकार्य शिकलेली काही तरुण मंडळी हा गट चालवतात आणि बचत गटांना, संस्थांना नवा उपक्रम आखताना किंवा चालू उपक्रम अडल्यावर अभ्यास करून देतात. आमचा उपक्रम अडला होता. सोलापुरात शालेय गणवेश शिवण्याचा उद्योग मोठा आहे, म्हणून विडीला पर्याय ठरेल असा मोफत शिवणवर्ग आम्ही दुपारच्या वेळी सुरू केला. नावनोंदणी भरपूर झाली, पण काही आठवड्यांतच यंत्रांवर धूळ बसू लागली. बायकांची मानसिकताच नाही, असे कार्यकारिणीतल्या काहींचे ठाम मत होते आणि प्रबोधनपर व्याख्यानमालेचा प्रस्तावही तयार होता.

या गटाचे पहिले चांगले काम म्हणजे स्वतःचीच प्रश्नावली त्यांनी दोन वस्त्यांनंतर बाजूला ठेवली. ती मराठीत होती आणि पूर्व भागातल्या बहुतेक घरांत तेलुगू बोलली जाते. शिवाय ‘महिन्याचे उत्पन्न किती?’ या प्रश्नाला उत्तरच मिळत नव्हते, कारण विडीची मजुरी हजार विड्यांवर ठरते. मग त्यांनी तेलुगू बोलणाऱ्या दोन मुलींना सोबत घेतले आणि काल किती विड्या वळल्या, त्यातल्या छाट म्हणून, म्हणजे सदोष ठरवून, किती बाद गेल्या, पाने कोणी कापली, दोरा कोणी बांधला, असे विचारायला सुरुवात केली. मांडीवरचे सूप खाली न ठेवता, बोटे चालू ठेवूनच बायका बोलत होत्या. शिवणवर्गाला का येत नाही, हे कोणालाही थेट विचारले गेले नाही. माझ्या मते ही पाहणी विश्वासार्ह होण्याचे हेच मुख्य कारण आहे, कारण तसे विचारले असते तर ‘येऊ की ताई, पुढच्या महिन्यापासून’ एवढेच ऐकायला मिळाले असते.

त्यातून हाती आले ते असे. सकाळचा वेळ कारखान्यात माल देण्यात, मोजणीच्या रांगेत आणि पान-तंबाखू घेऊन परतण्यात जातो. भिजवलेले पान वाळण्याआधी कापावे लागते, त्यामुळे दुपार ही खरी कामाची वेळ असते. त्याहून मोठी अडचण कार्डाची, म्हणजे कारखान्यात विडी कामगार म्हणून नाव असल्याच्या कार्डाची होती. माल देण्यात खंड पडला तर नाव कमी होईल, त्याबरोबर भविष्यनिर्वाह निधी जाईल आणि विडी कामगार कल्याण निधीतून मुलांना मिळणारी शिष्यवृत्तीही जाईल, ही भीती घरोघरी होती. तिसरी गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती: कार्ड एकीच्या नावावर असले तरी विड्या तिघींच्या हातच्या असतात, त्यामुळे आई वर्गाला आली की तिचा वाटा शाळकरी मुलीवर पडतो.

व्याख्यानमाला रद्द झाली. वर्ग आता सुट्टीच्या दिवशी, वस्तीतल्याच खोलीत भरतो आणि कार्डाविषयी कायदा काय सांगतो हे समजावणारी बैठक आधी होते. उपस्थिती बरीच सुधारली आहे.

मात्र ही सुधारणा टिकाऊ आहे का, आणि ती नेमकी कशामुळे झाली, हे सांगण्याची सोय या सेवेत नाही, आणि माझ्या दृष्टीने ही तिची सर्वांत मोठी उणीव आहे. उदयपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत लसीकरणाविषयी झालेला अभ्यास या संदर्भात पाहण्यासारखा आहे. जिथे वेगळे काहीच केले नव्हते त्या गावांत पूर्ण लसीकरण झालेली मुले ६ टक्के होती. जिथे शिबिर ठरल्या वेळी खात्रीने भरू लागले तिथे ती १८ टक्के झाली आणि जिथे त्याला प्रत्येक लशीमागे किलोभर डाळीची आणि शेवटी थाळ्यांच्या संचाची जोड मिळाली तिथे ३९ टक्के. शिबिराचा परिणाम किती आणि डाळीचा किती, हे वेगळे काढता आले ते गावांची तुलना आधीपासून योजलेली होती म्हणून. आमच्याकडे वेळही बदलली, जागाही बदलली आणि कार्डाची भीतीही थोडी कमी झाली. यातले काय लागू पडले ते आम्हाला सांगता येणार नाही.

अहवालाबद्दलही तक्रार आहे. जवळजवळ अर्धी पाने सिद्धांतांच्या ऊहापोहात गेली आहेत, आणि ज्यांच्याविषयी तो लिहिला त्यांना वाचता येईल असा तेलुगू गोषवारा नाही. आम्ही आग्रह धरला तेव्हा विडी घरकुल या कामगारांच्या वसाहतीत निष्कर्ष वाचून दाखवले गेले आणि तिथे बायकांनी एक चूक लगेच दुरुस्त केली: अहवालात धरलेला सुट्टीचा दिवस सर्व कारखान्यांना लागू नव्हता. कन्नड आणि दखनी बोलणाऱ्या वस्त्या पाहणीत आल्याच नाहीत. क्षेत्रकाम गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत आखल्यामुळे ते रखडले. सोलापुरात राहून जानेवारीत ही यात्रा कोणी विसरावी, याचे नवल वाटते.

शुल्क साधारण दोन चांगल्या शिवणयंत्रांच्या किमतीएवढे पडले. उपक्रम अडलेल्या संस्थेने ते जरूर द्यावे, पण निष्कर्ष आधी वस्तीत वाचले जातील, नावे वगळून मुलाखतींच्या नोंदी संस्थेला मिळतील आणि वर्षभराने पुन्हा पाहणी होईल, ही तीन कलमे करारात घालून घ्यावीत. आमच्या पुढच्या करारात गटाने पहिली दोन मान्य केली आहेत. पुनर्पाहणीसाठी मात्र ते वेगळे शुल्क मागत आहेत आणि त्यावर अजून बोलणी चालू आहेत.